विश्लेषण : गरिबांचे अन्नसाहाय्य मोबाइलवर, पण पैसे चोरीला गेले तर जबाबदारी कोणाची?

दहा रुपयांची कोथिंबीर घेऊन क्यूआर कोड स्कॅन करण्याची सवय झालेल्या आपल्याला हे ऐकून नवल वाटेल, पण अमेरिकेत सरकारी अन्नसाहाय्यावर जगणाऱ्या बहुतेक कुटुंबांना दुकानात आजही प्लास्टिकचे कार्ड यंत्रात घासावे लागते. त्याच रांगेत पुढे उभा असलेला ग्राहक मोबाइल टेकवून निघून जातो. ही तफावत दूर करण्यासाठी तेथील कृषी खात्याने अन्नसाहाय्याची रक्कम मोबाइलवरून खर्च करण्याची चाचणी हाती घेतली. तिच्यासाठी इलिनॉय, लुइझियाना, मॅसॅच्युसेट्स, मिसुरी आणि ओक्लाहोमा या पाच राज्यांची निवड झाली. वरवर पाहता ही केवळ सोयीची बाब आहे. प्रत्यक्षात तिच्या तळाशी एक जुना आणि अवघड प्रश्न आहे : व्यवहारात घोळ झाला, तर त्या महिन्याचे जेवण कोणाच्या ताटातून कमी होणार?

चाचणी नेमकी कशाची?

अमेरिकेत गरिबांना अन्नासाठी मिळणाऱ्या मदतीच्या मुख्य योजनेचे नाव ‘स्नॅप’, म्हणजे पूरक पोषण साहाय्य कार्यक्रम. २०२४ च्या आर्थिक वर्षात दर महिन्याला सरासरी ४ कोटी १७ लाख लोक तिचा लाभ घेत होते. म्हणजे साधारण दर आठ अमेरिकी नागरिकांमागे एक. माणशी सरासरी मदत महिन्याला सुमारे १८७ डॉलर. आपल्या शिधावाटपाप्रमाणे तेथे सरकार धान्य देत नाही. ठरलेल्या तारखेला कार्डाच्या खात्यात रक्कम जमा होते आणि मान्यताप्राप्त दुकानातून दूध, भाजी, ब्रेड, मांस, धान्य असे खाद्यपदार्थ घेता येतात. दारू, तंबाखू, साबण किंवा दुकानात मिळणारे गरम तयार जेवण या पैशातून घेता येत नाही.

२०१८ च्या शेती कायद्यात मोबाइल व्यवहारांच्या जास्तीत जास्त पाच चाचण्यांची तरतूद करण्यात आली. कल्पना साधी आहे. लाभार्थ्याने आपल्या कार्डाची माहिती मोबाइलमध्ये भरायची आणि दुकानात कार्ड न काढता मोबाइल यंत्रापाशी न्यायचा किंवा कोड स्कॅन करायचा. खात्यातील रक्कम तीच, काय घ्यायचे याचे नियम तेच. बदलते ते पैसे देण्याचे साधन.

कागदी तिकिटांपासून कार्डापर्यंत

या योजनेने साधन बदलण्याची ही पहिली वेळ नाही. १९३९ मध्ये न्यूयॉर्क राज्यातील रॉचेस्टर शहरात पहिली ‘फूड स्टँप’ योजना सुरू झाली, तेव्हा नारिंगी आणि निळी कागदी तिकिटे होती. १९६४ च्या कायद्याने योजना कायमस्वरूपी झाली. पुढे अनेक दशके लोक तिकिटांची पुस्तिका घेऊन दुकानात जात. रांगेत उभे राहून तिकिटे फाडून देताना मागच्यांच्या नजरा झेलाव्या लागत. तिकिटांची चोरी होई, काळा बाजारही होई.

१९८४ मध्ये पेनसिल्व्हेनियातील रेडिंग येथे कार्डाची पहिली चाचणी झाली. १९९६ च्या कायद्याने सर्व राज्यांना कार्डावर जाण्याची मुदत घालून दिली आणि २००४ पर्यंत सगळी राज्ये कार्डावर आली. म्हणजे पहिल्या चाचणीपासून संपूर्ण अंमलबजावणीपर्यंत वीस वर्षे लागली. २००८ मध्ये ‘फूड स्टँप’ हे नावही गेले. कार्डाने दोन गोष्टी नक्की केल्या : हिशेब सोपा झाला आणि रांगेतली लाज कमी झाली. मोबाइल ही त्याच्या पुढची पायरी आहे. फोन टेकवणारा माणूस पगारातून पैसे देतो आहे की सरकारी मदतीतून, हे मागे उभ्या असलेल्याला कळत नाही. गरिबाच्या आत्मसन्मानाचा हा मुद्दा सोयीइतकाच महत्त्वाचा आहे आणि मोबाइलच्या बाजूने तो ठामपणे मांडायला हवा.

जुन्या कार्डात खोट कुठे?

या कार्डांच्या मागे काळी चुंबकीय पट्टी असते. ऑडिओ कॅसेटच्या फितीसारखी. तिच्यावर कार्डाची माहिती कायमची नोंदलेली असते आणि प्रत्येक वेळी यंत्र तीच माहिती वाचते. बँकांच्या कार्डांनी ही पद्धत मागे टाकून चिप आणली. चिप प्रत्येक व्यवहारासाठी नवा संकेत तयार करते. अन्नसाहाय्याच्या कार्डांना मात्र वर्षानुवर्षे चिप मिळाली नाही. कॅलिफोर्नियाने २०२५ च्या सुरुवातीला चिप असलेली कार्डे वाटायला घेतली, तेव्हा तसे करणारे ते पहिले राज्य ठरले.

चोरांनी हा फरक अचूक हेरला. दुकानातील स्वाइप यंत्रावर ते हुबेहूब दिसणारे नकली आवरण बसवतात. ग्राहक कार्ड घासतो, पिन टाकतो. व्यवहार नीट पार पडतो, पण पट्टीवरची माहिती आणि पिन दोन्ही चोराकडे जातात. त्यावरून नकली कार्ड बनते. महिन्याची रक्कम जमा होण्याची तारीख चोरांनाही ठाऊक असते. मध्यरात्री पैसे जमा होतात आणि सकाळी आई दुकानात पोहोचते तेव्हा खात्यात शून्य असते. यात तिची कोणतीही चूक नाही. तिने ओटीपी सांगितलेला नाही की कोणत्या लिंकवर बोट ठेवलेले नाही. ती फक्त नेहमीच्या दुकानात दूध घ्यायला गेली होती.

मोबाइलमुळे ही चोरी थांबेल का?

स्वाइप यंत्रावरची चोरी तरी बऱ्याच अंशी थांबू शकते. मोबाइल पाकिटात कार्ड जोडले की मूळ क्रमांकाऐवजी एक पर्यायी क्रमांक वापरला जातो. त्याला ‘टोकन’ म्हणतात. हा क्रमांक त्या एका फोनशी बांधलेला असतो आणि प्रत्येक खरेदीसोबत एकदाच चालणारा संकेत जातो. चोराने तो पकडला तरी दुसऱ्यांदा उपयोग नाही. कालच्या लोकलच्या तिकिटावर आज प्रवास करता येत नाही, तसेच. शिवाय फोन यंत्रात घासावा लागत नाही, त्यामुळे नकली आवरणाच्या हाती पट्टीवरची माहिती लागतच नाही.

पण अभियांत्रिकीत पहिल्याच वर्षी एक गोष्ट कळते : एक दार पक्के केले की चोर दुसरे दार शोधतो. येथे दुसरे दार म्हणजे कार्ड फोनमध्ये जोडण्याचा क्षण. चोराकडे कार्डाचा क्रमांक आणि पिन असेल, तर तो तुमचे कार्ड स्वतःच्या फोनमध्ये जोडणार नाही कशावरून? बँकांच्या कार्डांबाबत असे प्रकार घडलेले आहेत. म्हणून कार्ड जोडताना ओळख पटवण्याची पद्धत कडक असावी लागते. ती फार कडक केली तर पत्ता बदललेली, फोन नंबर बदललेली, कागदपत्रे हाताशी नसलेली गरीब कुटुंबेच आधी गाळली जातात. ती सैल ठेवली तर चोरांना मोकळे रान मिळते. या चाचणीतील खरे तांत्रिक काम हे आहे. दुकानात फोन टेकवणे हा त्यातला सोपा भाग.

दुसरी बाब अशी, की मोबाइल हा फक्त ज्यांच्याकडे तसा फोन आहे त्यांचाच बचाव करतो. चिप असलेले कार्ड प्रत्येकाचा करते. मोबाइलची चाचणी सुरू आहे म्हणून चिपचे काम पुढे ढकलणे म्हणजे इमारतीला लिफ्ट बसवणार म्हणून जिना दुरुस्त न करण्यासारखे आहे.

मोबाइल कोणाचा, आणि तो नेहमी चालू असतो का?

मध्यमवर्गीय माणूस फोनला आपल्या हाताचाच भाग समजतो. गरीब घरात फोनचे आयुष्य वेगळे असते. त्याची काच फुटलेली असते, बॅटरी दुपारपर्यंत टिकते, महिना संपत आला की रिचार्जही संपतो. संपर्क न होता पैसे देण्यासाठी लागणारी सुविधा प्रत्येक स्वस्त फोनमध्ये असतेच असे नाही. अमेरिकेत ‘लाइफलाइन’ योजनेतून गरिबांना फोन किंवा इंटरनेटच्या बिलात महिन्याला ९.२५ डॉलरपर्यंत सवलत मिळते. इंटरनेटसाठी दुसरी मोठी सवलत योजना होती. तिचा लाभ सुमारे २ कोटी ३० लाख कुटुंबे घेत होती; निधी संपल्याने ती २०२४ मध्ये बंद पडली. एका हाताने अन्नाचे पैसे फोनवर न्यायचे आणि दुसऱ्या हाताने फोन चालू ठेवण्याची मदत काढून घ्यायची, असा हा विरोधाभास आहे.

आणखी एक अडचण तंत्रज्ञांच्या लक्षात सहसा येत नाही. कार्ड दुसऱ्याच्या हाती देता येते. गुडघे दुखणारी आजी नातवाला किंवा मदतीला येणाऱ्या बाईला कार्ड देऊन दुकानात पाठवते. योजनेतही लाभार्थ्याच्या वतीने खरेदी करणाऱ्या अधिकृत व्यक्तीची सोय आहे. पण आजीने आपला फोन दिवसभर दुसऱ्याकडे द्यायचा का? त्यात तिचे औषधांचे निरोप आहेत, मुलांचे फोन येणार आहेत. एका कुटुंबाचे खाते किती फोनमध्ये जोडता येणार आणि त्यातला एक हरवला तर बाकीचे चालू राहणार का, याची उत्तरे अॅप बनवण्याआधी ठरायला हवीत.

यंत्रणा बंद पडण्याचा धोका तर कार्डालाही आहे. १२ ऑक्टोबर २०१३ रोजी कार्ड यंत्रणा चालवणाऱ्या कंपनीने पर्यायी वीजव्यवस्थेची चाचणी घेतली. त्यात बिघाड झाला आणि १७ राज्यांत लोकांची अन्नसाहाय्य कार्डे ठप्प झाली. भरलेल्या ट्रॉल्या तशाच सोडून लोक घरी गेले. साखळीत मोबाइलची भर घातली की बिघडू शकणाऱ्या कड्या वाढतात : फोन, अॅप, पाकीट चालवणारी कंपनी, दुकानातील यंत्र आणि शेवटी तीच जुनी मूळ यंत्रणा. म्हणून फोन चालला नाही तर खिशातले कार्ड चालले पाहिजे आणि तेही नाही चालले तर दुकानदाराकडे कागदावरची ठरलेली पद्धत असली पाहिजे.

चोरी झाली तर भरपाई कोण देणार?

या सगळ्या चर्चेतला सर्वांत महत्त्वाचा मुद्दा तंत्रज्ञानाचा नसून कायद्याचा आहे. अमेरिकेत बँकेच्या डेबिट कार्डातून कोणी पैसे चोरले आणि ग्राहकाने चोरी कळल्यापासून दोन कामकाजी दिवसांत कळवले, तर त्याचे नुकसान ५० डॉलरपुरते मर्यादित राहते. बाकीचे बँकेने सोसायचे. हे संरक्षण संघराज्याच्या कायद्याने दिले आहे. पण १९९६ च्या कायद्याने गरजूंच्या साहाय्य कार्डांना त्यातून वगळले. म्हणजे एकाच दुकानात, एकाच नकली यंत्रावर, एकाच दिवशी दोघींची कार्डे चोरली गेली, तर बँक खाते असलेलीला पैसे परत मिळण्याचा हक्क आहे आणि सरकारी मदतीवर जगणारीला नाही.

चोऱ्या वाढल्यावर अमेरिकी संसदेने डिसेंबर २०२२ मध्ये तात्पुरता उपाय केला. १ ऑक्टोबर २०२२ पासून झालेल्या चोऱ्यांची भरपाई संघराज्याच्या निधीतून करण्याची मुभा राज्यांना मिळाली. तीही वर्षात दोनदाच आणि फार तर दोन महिन्यांच्या रकमेइतकी. या तरतुदीतून ३० कोटी डॉलरहून अधिक रक्कम लोकांना परत द्यावी लागली. यावरून चोरीचा आवाका कळतो. पण २० डिसेंबर २०२४ नंतर झालेल्या चोऱ्यांसाठी ही सोय उरली नाही. चोर थांबले नाहीत, भरपाई थांबली.

म्हणून मोबाइलच्या चाचणीकडे पाहताना माझे मत असे आहे : साधन कितीही आधुनिक असो, नुकसान कोणी सोसायचे हे आधी लिहून ठेवलेले नसेल तर ती सुधारणा अर्धवट आहे. बँकांनी चिप का आणली? केवळ ग्राहकांच्या प्रेमापोटी नव्हे. चोरीची भरपाई त्यांनाच द्यावी लागत होती, म्हणून सुरक्षा स्वस्त पडली. अन्नसाहाय्याच्या कार्डात नुकसान लाभार्थ्याच्या गळ्यात पडते, म्हणून सुरक्षेची घाई कोणालाच नव्हती. ज्याच्या खिशाला चटका बसतो तोच कुलूप बदलतो. राज्य सरकार, यंत्रणा चालवणारी कंपनी आणि मोबाइल पाकीट देणारी कंपनी यांच्या खिशाला तो बसेल अशी तरतूद झाली, तर टोकन आणि चिप दोन्ही वेळेवर येतील.

यावरचा आक्षेप

भरपाईची हमी दिली तर खोटे दावे वाढतील, असे म्हटले जाते. ही भीती अगदीच निराधार नाही. सरकारी पैशाचा हिशेब काटेकोरच हवा. पण प्रत्येक व्यवहाराची वेळ, दुकान आणि यंत्र नोंदलेले असते. दोनशे किलोमीटर दूरच्या शहरात पहाटे तीन वाजता झालेली खरेदी तपासणे यंत्रणेला अवघड नाही. बँका रोज हेच करतात. मोबाइल व्यवहारात तर फोनची ओळखही नोंदली जाते, त्यामुळे तपास आणखी सोपा होईल. मात्र ही माहिती चोरी शोधण्यापुरतीच वापरली गेली पाहिजे. गरीब माणूस काय खातो, कोणत्या दुकानात जातो, याची नोंद जाहिरातदारांच्या हाती पडली तर ती मदतीची वेगळीच किंमत ठरेल.

महाराष्ट्राने यात काय पाहावे?

आपल्याकडे अन्नसुरक्षा कायद्याखाली मुख्यतः धान्यच मिळते, तेही अंगठा लावून. पण पैसे देण्याचे प्रयोग आपल्यालाही नवे नाहीत. चंडीगड आणि पुदुच्चेरीत २०१५ पासून धान्याऐवजी खात्यात रक्कम देणे सुरू झाले. झारखंडमध्ये रांचीजवळच्या नगडी तालुक्यात ऑक्टोबर २०१७ मध्ये असाच प्रयोग झाला. एक रुपया किलोचा तांदूळ आधी ३२ रुपये किलोने विकत घ्यायचा आणि त्यासाठीचे अनुदान बँकेतून काढायचे. बँक, सेवा केंद्र आणि रेशन दुकान अशा खेपा घालून लोक थकले. विरोध वाढला आणि ऑगस्ट २०१८ मध्ये प्रयोग गुंडाळावा लागला. व्यवहार कागदावर पूर्ण डिजिटल होता; चालण्याचे कष्ट मात्र लोकांचे होते.

महाराष्ट्रात मराठवाड्यातील आठ आणि विदर्भातील सहा अशा १४ जिल्ह्यांतील केशरी कार्डधारक शेतकऱ्यांना जानेवारी २०२३ पासून धान्याऐवजी माणशी महिना १५० रुपये देण्याचा निर्णय झाला. नंतर ती रक्कम १७० रुपये झाली. पूर्वी याच लोकांना माणशी पाच किलो धान्य मिळे. १७० रुपयांना पाचाने भागले तर किलोमागे ३४ रुपये येतात. बाजारात भाव चढले की हा आकडा आपोआप चढत नाही. मदत धान्यातून पैशात गेली की महागाईची जोखीमही लाभार्थ्याकडे जाते. मदत पैशातून मोबाइलवर गेली की चोरीची आणि बिघाडाची जोखीम तिच्यामागोमाग जाते.

आणखी एक गोष्ट खास आपली आहे. अन्नसुरक्षा कायद्याने १८ वर्षांवरील सर्वांत ज्येष्ठ स्त्रीला शिधापत्रिकेपुरते कुटुंबप्रमुख मानले. हा विचारपूर्वक घेतलेला निर्णय होता. धान्य चुलीपर्यंत पोहोचावे हा त्यामागचा हेतू. पण २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात, स्वतः वापरता येईल असा मोबाइल असल्याचे महाराष्ट्रातील साधारण ५५ टक्केच स्त्रियांनी सांगितले. कार्ड बाईच्या नावावर आणि फोन पुरुषाच्या खिशात, अशी स्थिती असलेल्या घरात मोबाइलवर आलेली मदत कायद्याने दिलेला अधिकार गुपचूप बदलून टाकू शकते. त्यामुळे असा प्रयोग इकडे येईल तेव्हा साध्या फोनवर आणि छापील कोडवरही तो चालला पाहिजे. २०२१ मध्ये सुरू झालेल्या ‘ई-रुपी’ व्हाउचरने अशी सोय शक्य असल्याचे दाखवले आहे. ते साध्या एसएमएसवरही येते.

निकाल कशावरून लावायचा?

सरकारी चाचण्यांचा अहवाल बहुतेक वेळा किती लोकांनी वापर केला आणि किती व्यवहार झाले या आकड्यांवर संपतो. अन्नाच्या बाबतीत ते पुरेसे नाही. पाचही राज्यांना विचारायचे प्रश्न वेगळे आहेत. किती जणांनी फोनमध्ये कार्ड जोडण्याचा प्रयत्न केला आणि किती जण मध्येच अडकले? वृद्ध, अपंग आणि इंग्रजी न येणाऱ्या लोकांचे प्रमाण त्यात किती? फोन हरवल्यावर पुन्हा खरेदी करता येईपर्यंत किती दिवस गेले? चोरी कमी झाली की नव्या वाटेने गेली? आणि ज्यांचे पैसे गेले, त्यांना ते किती दिवसांत परत मिळाले?

मोबाइल जरूर यावा. रांगेतला फरक मिटवणारे आणि जुन्या पट्टीपेक्षा सुरक्षित असलेले साधन केवळ गरिबांना नाकारण्यात काही अर्थ नाही. पण ते कार्डाच्या जोडीने यावे, कार्डाच्या जागी नव्हे. आणि त्याच्यासोबत चोरीच्या भरपाईचा कायदेशीर हक्क यावा. महिन्याच्या पहिल्या आठवड्यात खात्यातून गेलेले १८७ डॉलर एखाद्या बँकेसाठी हिशेबातली किरकोळ चूक असते. त्या पैशांवर घर चालवणाऱ्या बाईसाठी ते उरलेले तीन आठवडे असतात.